सगुणा पत्रिका वाचते

पत्रिकेचा कच्चा नमुना गुरुवारपासून जगदाळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला होता आणि घरातल्या प्रत्येकाने तो वाचला होता. वाचला म्हणजे काय, तर आपलं नाव शोधलं, सापडल्यावर अंगठा दाखवला आणि जो तो आपल्या कामाला लागला. शनिवारपर्यंत बावीस अंगठे जमले. ज्या घराण्यात चहात साखर किती यावरही दोन तट पडतात, तिथे शिवतेजच्या लग्नपत्रिकेवर एवढं एकमत झालं, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

सुनयनानेही अंगठा दाखवला होता. ती खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दिवसभर पुस्तकांत राहून घरी आल्यावर दिराची पत्रिका अक्षरन् अक्षर वाचायचं त्राण तिच्यात कुठलं? रविवारी सकाळी पोह्यांचा कांदा चिरून झाला, पाहुणे यायला अर्धा तास होता, म्हणून तिने सहज मोबाइल उघडला आणि थेट पत्रिकेच्या तळाशी गेली. तिथे लहान मुलांची ओळ असते. 'आमच्या शिवतेजकाकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखाली किलबिल: अस्मिता, विश्वजित.

दोनच नावं. तिने पान मोठं करून बघितलं, आडवं करून बघितलं. तिच्या लेकीचं, सगुणाचं नाव नव्हतं.

इंद्रजित गॅलरीत कपडे वाळत घालत होता. सुनयनाने त्याला तिथेच गाठलं.

"अहो, किलबिल वाचलीत?"

"किलबिल कोण वाचतं?" इंद्रजित म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून त्याने हातातला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला, मोबाइल घेतला आणि बघता बघता पांढरा पडला. "निशांतच्या लग्नाची फाईल होती गं माझ्याकडे. पाच वर्षांपूर्वीची. त्यातच नवरानवरी बदलले. त्र्याण्णव नावं परत कोण टाईप करत बसणार?"

घरातलं मागचं लग्न निशांतचं, आणि तेव्हा, पाच वर्षांपूर्वी, सगुणा या घरात नव्हती. साडेचार वर्षांची असताना ती संस्थेतून दत्तक आली, त्याला आता चार वर्षं झाली होती.

"बदला. आत्ताच्या आत्ता."

"मोबाइलवर बदलतो. पण ती?" त्याने हॉलकडे बोट दाखवलं.

हॉलमध्ये देव्हाऱ्यापुढे पाटावर पत्रिकेची मोठी प्रिंट ठेवली होती आणि तिला हळदकुंकू लागलं होतं. म्हणजे आता विषय संपला. पहिली पत्रिका देवाला सगळेच ठेवतात, पण जगदाळ्यांची एक जास्तीची रीत होती. छापायच्या आधी कच्ची पत्रिका देवापुढे मोठ्याने वाचायची, आणि ती घरातल्या लेकराने वाचायची, एकेका लग्नाला एकेकाने, वयाच्या पाळीने. सुनयनाचे सासरे आबा, त्यांच्या चुलत्याच्या लग्नात पत्रिकेत वार चुकला होता. वऱ्हाड एक दिवस आधी पोचलं आणि मुलीकडच्यांच्या ओसरीवर मुंडावळ्यांसकट बसून राहिलं. तेव्हापासून ही रीत पडली. लेकरूच का, याचं उत्तर आबांकडे तयार असे. "मोठी मानसं जे असाया पायजे ते वाचत्यात. पोर जे हाय ते वाचतंय." आणि देवापुढे ठेवलेला कागद वाचून होईपर्यंत कुणी हलवायचा नाही.

निशांतच्या वेळी अस्मिताने वाचली. आता पाळी सगुणाची होती.

यावरून महिनाभर घरात राजकारण चाललं होतं. सगुणा साडेआठ वर्षांची, तिसरीत, आणि वाचनात मागे. बोलायला लागली की कुणाला ऐकत नसे, पाढे पाठ, पण अक्षरं समोर आली की एकेक करून यायची. आबांची धाकटी बहीण राजेश्वरी, म्हणजे सगळ्यांच्या आत्या, यांचा नातू विश्वजित सहा वर्षांचा असून पेपर धडाधडा वाचत होता. "दादा, पाळी पुढच्या खेपेला द्या तिला," आत्या सीवूड्सहून फोन करकरून सांगत होत्या. "व्याह्यांसमोर शोभा कशाला? आमचा विशू तीन मिनिटांत वाचेल. आणि आई ग्रंथपाल असून मुलगी अशी, हे लोकांना सांगायचं तरी कसं?"

"पाळी म्हंजे पाळी," आबा म्हणाले होते. सयाजीआबांनी चाळीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून गोणी वाहिल्या, पुढे टोळीचे मुकादम झाले. पाळी मोडणं हे त्यांच्या लेखी चोरीएवढं होतं. रोज संध्याकाळी ते सगुणाला मांडीशी घेऊन बसत. "जोडाक्षर म्हंजे एकावर एक दोन गोणी. एकदम वडायची न्हाई, कंबर मोडंल. आधी वरची उतरवायची, मग खालची." सीवूड्सच्या ज्या बाईंकडे सगुणा वाचन शिकायला जाई, त्यांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती वहीत लिहून घेतली. बाईंनी मात्र घरच्यांना एकच नियम घालून दिला. मूल अडलं तर शब्द सांगायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. जगदाळ्यांच्या घरात कुणी दहापर्यंत गप्प बसलंय, असं आजवर घडलं नव्हतं.

पण सुनयनाची चिंता वाचनाची नव्हती. सगुणा सावकाश वाचेल, अडेल, वाचेल. तिला भीती शेवटच्या ओळीची होती. संस्थेत मुलांच्या नावांचा एक फळा होता. मूल गेलं की त्याचं नाव पुसलं जायचं. गेल्या जूनमध्ये कागद उशिरा पोचले म्हणून शाळेच्या यादीत सगुणाचं नाव लागलं नाही, तर त्या दिवशी ही पोर दप्तरात दोन फ्रॉक आणि ब्रश भरून दारातल्या चपलांच्या स्टँडवर बसली होती. रडत नव्हती, नुसती वाट बघत होती. "नाव नसलं की जायचं असतं ना?" एवढंच तिने विचारलं होतं. सुनयनाला ते आठवलं की अजून घास उतरत नसे.

आणि आज ही पोर सगळ्यांदेखत, देवापुढे, स्वतःच्या तोंडाने ती ओळ वाचणार होती.

साडेदहाला माणसं जमली. आत्या आल्या, बरोबर विश्वजित इस्त्रीचा कुडता घालून आणि नात अस्मिता मोबाइलमध्ये मान घालून. नवरीचे वडील शिवाशेठ म्हात्रे बोनकोड्याहून आले ते मिठाईचे दोन खोके घेऊन. त्यांना हळदीची वेळ पक्की करायची होती. आबांनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, "बसा व्याही. आमची नात पत्रिका वाचतीय."

सगुणा पाटासमोर मांडी घालून बसली. दोन वेण्या, हातात पुठ्ठ्याची पट्टी. पट्टीला मधोमध खिडकी कापलेली, एका वेळी एकच शब्द दिसेल अशी.

"कुणी सांगायचं नाही," तिने आधीच सगळ्यांना बजावलं. मग बोट ठेवलं. "श्री... कु... ल..."

पुढे 'स्वा' आला आणि गाडी थांबली. हॉलमध्ये आठ माणसांचे ओठ 'स्वा'च्या आकारात उघडले. शिवाशेठांचेसुद्धा. आत्यांच्या तोंडून "स्वा" निसटणार, तेवढ्यात आबांनी हात वर केला. सगुणा पुटपुटली, "वरची उतरव... स्... वा... स्वामी! कुलस्वामी प्रसन्न!"

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

आत्यांनी घड्याळ बघितलं. "दादा, ही पहिली ओळ. खाली त्र्याण्णव नावं आहेत. आपण हळदीलाच वाचन संपवू."

सुनयना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळ्यांसमोर चूक सांगावी, तर सगुणा ऐकणार आणि आत्यांना विषय मिळणार. गप्प बसावं, तर आज ना उद्या ती ओळ येणारच. वाचन शेवटपर्यंत पोचताच कामा नये, एवढंच तिला सुचत होतं. आज अर्ध्यावर थांबलं तर संध्याकाळपर्यंत दुसरी प्रिंट आणून गुपचूप बदलता येईल, मग रीत मोडली तरी चालेल. पण थांबवायचं कसं?

उत्तर तिला शिवतेजने दिलं, तेही नकळत.

"चि... शि... व... ते... ज," सगुणाने वाचलं. मग पुढचं. "बी... ई... मे... कॅ... मेकॅनि... कल."

एरवी हे एका दमात वाचून झालं असतं. पण एवढं सावकाश म्हटल्यावर प्रत्येकाला त्यावर विचार करायला वेळ मिळाला. आबा शिवतेजकडे वळले. "तुजा तो एक इशय निगाला का रं?"

शिवतेजने पंख्याकडे बघितलं. "निघेल ना आबा. टेन्शन कशाला घेता? ऑक्टोबरला."

"म्हंजे अजून बीई न्हाईस?"

"ऑलमोस्ट आहे."

"मग पत्रिकेत ऑलमोस्ट लिहा," आत्या म्हणाल्या.

इंद्रजित भावाच्या बाजूने बोलला, सासूबाई विजयमाला धाकट्याच्या बाजूने नवऱ्याशी भांडल्या, आबांनी दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा इतिहास पहिलीपासून काढला. शिवाशेठ मात्र शांत होते. "आमच्या रंजिताने सांगितलंय हां, एक पेपर हाय म्हनून. तिचेपन दोन होते. आता सुटली ती." यावर नव्याने चर्चा सुरू झाली. पंधरा मिनिटं गेली. सगुणा बोट ठेवून बसून होती.

सुनयनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारा वर्षं ती या घरातली भांडणं मिटवत आली होती. आज पहिल्यांदा तिला ती हवी होती.

"आबा, पुढं वाचू?" सगुणाने विचारलं.

"वाच बाळा."

"नि... मं... त्रक. निमंत्रक. श्री... ह... ण... मंत... राव."

हणमंतराव म्हणजे आबांचे गावचे चुलतभाऊ. पहिल्या नावावर आत्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली, पण व्याह्यांकडे बघून त्यांनी ती गिळली. अशी संधी वाया जाऊ देणं सुनयनाला परवडणारं नव्हतं. ती दारातून साखर घोळल्यासारखं म्हणाली, "मला तर वाटतं आत्या, हणमंतकाकांचं नाव मानाने पहिलंच हवं."

इंद्रजितने बायकोकडे चमकून बघितलं. ही असं कधी बोलत नसे.

"मानाने?" आत्या पदर सावरून सरळ बसल्या. "आमच्या यांच्या दिवसकार्याला जो फिरकला नाही, त्याला मान? आणि वयाने दादा मोठे की हणमंत? दादा मोठे. मग हणमंत आधी कसा?"

"गावाकडची रीत हाय, राजी. गावातलं घर आदी."

"गावातलं घर आधी, मग मुंबईतल्या बहिणी कुठे? शेवटी ना? भांडी घासायला?"

विजयमालांना हे लागलं, कारण मागच्या लग्नात भांड्यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्या नणंदेवर उलटल्या. शिवतेजने आईला साथ दिली, इंद्रजितने आत्यांना, आणि आबा एकटे हणमंतरावांच्या बाजूने उरले. सुनयना मधूनच एक शब्द टाकत होती, चुलीत काडी सारतात तसा. घड्याळात साडेअकरा वाजले.

सगुणाने सगळ्यांकडे बघितलं. मग तिने डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागली. दहापर्यंत झाल्यावर डोळे उघडले, अजून भांडतायत बघून परत मिटले. असं तिने चार वेळा केलं.

"काय करतेस गं पोरी?" शिवाशेठांनी वाकून विचारलं.

"कुणी अडलं तर दहापर्यंत थांबायचं," सगुणा म्हणाली. "हे लोक अडलेत."

शिवाशेठ एवढ्या मोठ्याने हसले, की भांडण तिथेच मोडलं. सुनयनाला व्याह्यांचा मनापासून राग आला.

ती आत गेली, पाठोपाठ विजयमाला आल्या. सासूची नजर बारीक होती. "सुनयना, तू आज कशापायी काड्या घालतीस?"

सुनयनाने मोबाइल पुढे केला. विजयमालांनी चष्म्यातून ती ओळ वाचली, परत वाचली आणि मटकन स्टुलावर बसल्या. "अगं बाई गं. त्या दिवशी चपलांपाशी बसली हुती, तशीच..." पण त्या चाळीस वर्षं माथाडीच्या टोळीला जेवू घातलेल्या बाई होत्या. डोळे पुसून उठल्या. "पोहे काढ. सगळ्यास्नी एकदम. तोंडात घास असला की वाचन बंद."

दोघी ताटल्या घेऊन बाहेर आल्या. "चला, आधी खाऊन घ्या. पोहे गार व्हत्यात."

"नको," शिवाशेठ म्हणाले. "पोहे राहू द्या, विहीनबाई. पोरीला वाचू द्या. आमच्याकडं पत्रिका कोन वाचतो? हलदीची तारीख बगतो नि फ्रीजवर ठेवतो. आज पयल्यांदा कललं मला, तुमच्यात कोन कुनाचा कोन हाय आनि कोन कुनाशी बोलत नाय."

ताटल्या टीपॉयवर तशाच राहिल्या. आत्या अजून धुमसत होत्या. सगुणा एकेक नाव उतरवत गेली. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आबांच्या टोळीतले सहा जण. प्रत्येक नावाला कुणाला तरी काही आठवायचं. सुनयनाने दोनदा काडी सारून बघितली, पण आत्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं आणि बाकीचे सगळे ऐकत बसले होते. खरंच ऐकत बसले होते.

"व्य... व... स्था... पक," सगुणा म्हणाली. हा शब्द अवघड होता, दोनदा गोणी उतरवाव्या लागल्या. "श्री... अ... र... विं... द... राव."

आत्यांची मान गर्रकन वळली.

अरविंदराव म्हणजे आत्यांचे यजमान. जाऊन दोन वर्षं झाली होती. निशांतच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं त्यांनीच उभं केलं होतं, आणि त्या फाईलमध्ये ते अजून व्यवस्थापक होते. बावीस अंगठ्यांपैकी एकाच्याही नजरेला हे नाव पडलं नव्हतं. आत्यांच्याही नाही.

इंद्रजितने डोक्याला हात लावला. आत्या आता काय करतील याचा अंदाज कुणालाच नव्हता.

"परत वाच," आत्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

सगुणाने पट्टी मागे घेतली. "श्री... अ... र... विं... द... राव."

एकेक अक्षर सुटं येत होतं. आत्या पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत होत्या. दोन वर्षांत हे नाव एवढा वेळ कुणी उच्चारलंच नव्हतं. जो तो घाईने 'आमचे भाऊजी' म्हणून पुढे जायचा.

"आत्या, सॉरी," इंद्रजित पुटपुटला. "जुनी फाईल... मी काढतो नाव."

"खबरदार!" आत्या कडाडल्या. "काढायचं नाही."

"अगं पण राजी," आबा चाचरत म्हणाले, "मागं कैलासवासी तरी लावाया पायजे."

"लावा. पण व्यवस्थापक तेच."

"कैलासवासी मानूस व्यवस्था कशी बघंल?"

"तुमच्या हणमंतापेक्षा बरी बघतील," आत्या म्हणाल्या, आणि स्वतःच डोळ्यांत पाणी असताना हसल्या. मग त्यांनी खुर्ची सोडली, जमिनीवर येऊन सगुणाच्या शेजारी मांडी घातली आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. "वाच गं बाळा. सावकाश वाच. आता मधे कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

झालं. भांडणाचं जे एकमेव इंजिन सुनयनाच्या हाती होतं, ते आता सगुणाच्या गाडीला जोडलं गेलं होतं.

आबांनी इंद्रजितला हळूच विचारलं, "कुटली फाईल म्हनलास?"

"निशांतच्या लग्नाची. पाच वर्षांपूर्वीची."

आबांनी मनात हिशेब केला. सुनयनाला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं आणि तिने हलकेच मान हलवली. चाळीस वर्षं पाठीवर गोणी घेतलेला माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

"बाळा," आबा घसा खाकरून म्हणाले, "दमलीस आसशील. बाकीची सांच्याला वाचू या व्हय?"

पाळी न मोडणारे आबा हे म्हणतायत, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. सगुणाने पट्टी उचलून किती राहिलंय ते बघितलं. "नको आबा. थोडंच आहे."

"अजिबात थांबायचं नाही," आत्या म्हणाल्या. "वाच."

सुनयना दारातून पुढे आली. काय करणार होती हे तिचं तिला माहीत नव्हतं. पाणी सांडावं, चक्कर यावी, काहीही. तेवढ्यात सगुणाने शेवटची ओळ पकडली.

"आ... म... च्या. आमच्या शिवतेजकाकाच्या ल... ग्ना... लग्नाला यायचं हं!" ती खूश झाली. ही ओळ तिच्या ओळखीची होती. "अ... स्मि... ता."

"ए प्लीज, माझं नाव काढा ना किलबिलमधून," अस्मिता मोबाइलमधून मान काढून कळवळली. "मी चौदा वर्षांची आहे. मैत्रिणी बघतील."

"गप्प," आत्या म्हणाल्या.

"वि... श्व... जि... त." सगुणाने पट्टी पुढे सरकवली. खिडकीत कोरा कागद आला. अजून पुढे सरकवली. छापखानेवाल्याने काढलेली सनई आली. तिने पट्टी मागे घेतली, अस्मितापासून परत सगळं वाचलं. मग कागद उलटा करून पाठीमागे बघितलं. मागे काही नव्हतं.

हॉलमध्ये आता सगळ्यांनाच कळलं होतं. इंद्रजित उठून उभा राहिला होता. विजयमालांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. सुनयनाचं लक्ष, तिलाही नकळत, दारातल्या चपलांच्या स्टँडकडे गेलं.

"आबा," सगुणा म्हणाली, "चूक सापडली."

"कसली, बाळा?"

"माझं नाव राहिलंय."

भाजीत मीठ राहिलंय म्हणावं तसं ती म्हणाली. इंद्रजित तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "सगू, पप्पाची चूक झाली. पप्पाने जुनी..."

"तुमचीच आहे," सगुणाने त्याला जास्त बोलू दिलं नाही. "अरविंदआजोबांचं पण तुम्हीच चुकवलंत. पेन द्या."

शिवाशेठांनी खिशातलं पेन काढून दिलं. सुनयना भिंतीला टेकली. सकाळपासून दाबून धरलेलं रडू आता आलं आणि तिने ते येऊ दिलं. जिला आपलं नाव नाही हे कळेल म्हणून ती सकाळभर घरात आगी लावत फिरत होती, ती पोर पेनचं टोपण दातांनी काढत होती.

सगुणा कागदावर वाकली. बघणाऱ्यांना वाटलं, ती विश्वजितच्या पुढे, कोऱ्या जागेत लिहील. पण तिने अस्मिता आणि विश्वजित यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीवर पेन टेकवलं.

"अगं, तिथे कुठे?" आत्या म्हणाल्या. "शेवटी लिही. ही एवढी जागा आहे."

"शेवटी का?"

"शेवटी मोकळं आहे म्हणून."

"मी विशूपेक्षा मोठी आहे."

"आजी, माझं नाव ढकलतेय ती!" विश्वजितने इस्त्रीच्या कुडत्यासकट भोकाड पसरलं.

"हे बघ सगुणा," आत्यांचा आवाज चढायला लागला, "त्याचं नाव आधीपासून छापलेलं आहे. तू नंतर..." आणि त्या अडल्या. नंतर आलीस, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. हॉलमधल्या सगळ्यांनी ते बघितलं. आत्यांनी ते गिळले. सगुणाने दहापर्यंत वाट बघितली, बोटांवर मोजून, आणि मग स्वतःच उत्तर दिलं.

"नंतर लिहिलं तरी मोठी ती मोठीच. तो तेव्हा एवढासा बाळ होता. त्याला तर वाचता पण येत नव्हतं."

"आता येतं की!" आत्यांना पुन्हा सूर सापडला. "तुझ्यापेक्षा भरभर येतं!"

"मग त्याने चूक का नाही शोधली? त्याला पण पाठवली होती ना पत्रिका?"

"पोरगी बराबर बोलतेय," शिवाशेठ म्हणाले.

"तुम्ही मुलीकडचे आहात, तुम्ही मधे पडू नका!"

आबा सगुणाच्या बाजूने उतरले, मग शिवतेज. विजयमाला आधी नातीकडून, मग विश्वजितचं रडं बघून त्याच्याकडून, मग परत नातीकडून. इंद्रजितने वर्णक्रमाने लावू या म्हणून सुचवलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. सगळ्यांच्या मधोमध सगुणा उभी राहिली होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पेन, वेणी सुटलेली, आणि आवाज थेट आत्यांच्या आवाजाला भिडलेला. तिला या घरात कुठे बसायचं ते पक्कं माहीत होतं. फक्त कितव्या नंबरावर, एवढंच ठरवायचं होतं.

सुनयनाने डोळे पुसले. टीपॉयवरची पोह्यांची एक ताटली उचलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाली बसली. पोहे गार होऊन दडदडीत झाले होते. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तिने मोठा घास भरला. फार चांगले लागत होते.

"सुनयना!" आत्यांनी हॉलमधून हाक मारली. "अगं, आवर जरा तुझ्या लेकीला! काय हे तोंड! कुणाचं म्हणून ऐकत नाही!"

बारा वर्षांत आत्यांची हाक आली आणि सुनयना उठली नाही, असं कधी झालं नव्हतं. तिने दुसरा घास घेतला.

"तोंडात घास आहे, आत्या," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या."